माझं राहिलेलं उंबराचं पाणी

मी वसई सोडली तेव्हा आई रडली नाही. सांतानमावशी रडली, वहिनी रडली, केळीच्या बांधावरून जिच्याशी आमचं वर्षानुवर्षं वाकडं होतं ती शेजारीणसुद्धा पदर डोळ्यांना लावून उभी होती. आई मात्र गाडीच्या खिडकीपाशी आली, माझ्या हातात सुकेळ्यांची पुडी कोंबली आणि म्हणाली, "लग्नाचं ठरवशील तर आधी कळव गो. विहीर उपसायला आठ दिवस लागतात." बस. लेक परदेशी निघाली आहे, पहिल्यांदा विमानात बसणार आहे आणि हिला विहिरीची पडली आहे! सहार विमानतळावर पोचेपर्यंत मी चिडलेली होते. सुकेळी मात्र वाटेतच संपवली.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आज जेव्हा तिकडे राहिलेले तुम्ही मला विचारता, "काय मग, दुबईवाली, मजा आहे ना?", आणि माझ्यासारखे निघून आलेले तुम्ही इकडे मला विचारता, "तुला घर आठवतं का?", तेव्हा मला दोघांचाही सारखाच राग येतो. आठवतं म्हणजे काय? माझं घर मला आठवायची सवडच देत नाही. ते दर रविवारी फोनवर येऊन भांडतं.

विहिरीचं आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या वसईच्या ख्रिस्ती लग्नांत आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. याला म्हणायचं उंबराचं पाणी. विहिरीवरचं उंबराचं झाड मी जन्मायच्या आधीच पडलं, नाव तेवढं राहिलं. आमच्या विहिरीला एका बाजूने बारा पायऱ्या आहेत आणि पाणी आणण्याचं गाणंही बारा कडव्यांचं. एका पायरीला एक कडवं. पाणी सहाव्या पायरीला लागतं, म्हणून उतरताना सहा, भरली कळशी घेऊन चढताना सहा. प्रत्येक कडव्यात प्रश्न येतो, या पायरीवर कोण उभी? आणि उत्तरात नाव घालायचं. पहिलं नवरीचं, बापाच्या नावासकट. मग आत्या, मावश्या, भावजया. गाणं सुरू करायचा मान आमच्या आळीत आईचा, तिच्याआधी तिच्या सासूचा.

आणि माझं लग्न झालं दुबईत.

माझी बाजू ऐकून घ्या. मी तेव्हा अल कुसैसला सहा मुलींबरोबर शेअरिंगमध्ये राहत होते. माझं ज्याच्याशी जमलं होतं त्या अँथनीला अबू धाबीला नवी नोकरी लागली, ती कंपनी लग्न झालेल्यांनाच फ्लॅट देणार होती, मला रजा मिळेना, आणि आईबापांकडे पासपोर्ट नाही. चर्चमध्ये एका शुक्रवारी दुपारची वेळ मिळाली. आमच्या आधी एक केरळी जोडपं, नंतर एक फिलिपिनो, मध्ये चाळीस मिनिटं आमची. घरी फोन केला तो चार दिवस आधी. पलीकडून आई म्हणाली, "चार दिवसांत कुठली विहीर उपसून होते?" आणि फोन बापाकडे दिला.

त्या नाताळात आम्ही दोघं वसईला गेलो. बघते तर आईने विहीर उपसून ठेवलेली. पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडलेलं, पितळी कळशी चिंचेने घासून लखलखीत, गाण्यात साथ द्यायला सांतानमावशीला निरोप गेलेला. मी दहा दिवसांच्या रजेवर, त्यातले दोन प्रवासात गेलेले, तिसरा दिवस अँथनीच्या घरच्यांनी मागून घेतलेला. मी म्हणाले, "आता कशाला गो आई? लग्न झालं, खलास." दुबईत उठता-बसता ऐकलेला शब्द, जिभेवर बसला होता. आईने कळशी माळ्यावर ठेवली.

त्यानंतर एकोणीस वर्षं दर दोन-चार महिन्यांनी ती एक वाक्य बोलते. कशावरूनही. माझे केस गळतात म्हणाले, तर "तुझं पाणी राहिलं ना." अँथनीची नोकरी गेली, "तुझं पाणी राहिलं." नोकरी पुन्हा लागली तरी तेच. वडील वारले त्या आठवड्यातही ती माझ्याकडे बघून म्हणाली, "यांच्यासमोर तरी तुझं पाणी व्हायला हवं होतं." मी तोंड फिरवलं. टोमण्यालाही एक्स्पायरी डेट असावी की नाही?

आता आम्ही अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. मी मुसफ्फाहमध्ये एका ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे दिवसभर इतरांनी चुकीच्या नावाने सेव्ह केलेल्या फाइली शोधते. माझी लेक जेनिस सोळा वर्षांची. तिला मराठी कळतं, पण तिच्या तोंडून ते बाहेर पडत नाही. दर शनिवारी चार वाजता मी एका शाळेच्या हॉलमध्ये कॉयरला जाते. पस्तीस माणसं, अकरा देश, आणि एसी इतका थंड की आल्टोवाल्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या बायका शाल पांघरून गातात. मी आल्टो. गावच्या चर्चमध्ये सात वर्षं गायलेली आहे, त्यामुळे आपल्याला सूर कळतो असा माझा पक्का समज होता. व्लास्तिमिल येईपर्यंत.

व्लास्तिमिल हा चेक संगीतकार. आमच्या आयरिश कंडक्टरबाईंनी त्याला एका सीझनसाठी बोलावून घेतलं. वय पंचावन्नच्या आसपास, सँडलमध्ये मोजे, गळ्यात दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. लोकगीतांवरून नवं संगीत रचणारा म्हणून त्याचं युरोपात नाव आहे, असं बाईंनी सांगितलं. कॉयरमधल्या माणसांच्या घरची गाणी घेऊन तो आमच्यासाठी एक मोठी रचना करणार होता, कार्यक्रम ईस्टरनंतर. मला वाटलं, वा, काय मान! मग तो कामाला लागला आणि माझं डोकं उठलं.

तो गाणी ऐकत नसे, तपासत असे. हे कुठे बसून गातात? उभं राहून? हातात काय असतं? श्वास इथे का तोडला? आमचा एक लेबनीज गायक त्याच्या आजीचं जैतून झोडपायचं गाणं म्हणत होता, तर व्लास्तिमिलने त्याला हॉलमधला झाडू दिला आणि छताकडे मारत म्हणायला लावलं. एकदा त्याला बर दुबई बघायची होती म्हणून मी आणि अँथनी घेऊन गेलो. मीना बाजारात कपड्याच्या दुकानाबाहेरचा माणूस ओरडत होता, "आओ मॅडम, देखो मॅडम, नया माल मॅडम!" व्लास्तिमिल तिथेच उभा राहून पाच रेघांच्या वहीत त्याचा सूर टिपायला लागला. दुकानदाराला वाटलं, हा गोरा इन्स्पेक्टर. तो घाईघाईने बाहेर आला, "सर, लायसन्स है सर, सब पेपर है!" व्लास्तिमिलने त्याचाही सूर टिपला. अॅब्रात बसून खाडी ओलांडताना तो इंजिनाकडे कान लावून होता, नावाड्याने "यल्ला, बैठो बैठो" म्हणून दोनदा हाकललं तेव्हा जागेवर बसला. मी अँथनीला म्हणाले, "हा माणूस आहे की टेपरेकॉर्डर?"

माझी पाळी आली तेव्हा मी उंबराच्या पाण्याचं गाणं म्हटलं. म्हणजे आमच्या गावच्या सांस्कृतिक कार्यक्रमात बसवलेलं, स्टेजवरचं. तीन कडव्यांचं, गोड, सुबक. नावांच्या जागी सगळीकडे "नवरीबाय", म्हणजे कोणालाही चालतं. माझा आवाजही त्या दिवशी चांगला लागला होता. वरच्या सुरात गाणाऱ्या सोप्रानोंनी टाळ्या वाजवल्या.

व्लास्तिमिल काही वेळ पेन्सिल चावत बसला. मग म्हणाला, "लग्न कोणाचं आहे?"

"कोणाचं नाही. हे गाणं आहे."

"पण इथे चाल थांबते," त्याने वहीवर बोट ठेवलं. "प्रत्येक वेळी याच जागी. कोणाची तरी वाट बघते. आणि तुम्ही तिथे एक शब्द टाकून पुढे जाता. कोणी येतच नाही."

मला इतका राग आला की विचारू नका. माझं गाव, माझी आई, माझं गाणं, आणि हा सँडलवाला मला सांगणार की यात काहीतरी कमी आहे! मी म्हणाले, "मिस्टर व्लास्तिमिल, तुम्हाला आमची भाषा येत नाही." तो म्हणाला, "नाही येत. म्हणून तर ऐकू आलं." घरी येऊन मी अँथनीला हे तावातावाने सांगितलं, तर तो शहाणा म्हणतो, "पण स्टेजवरच्यात नावं नसतात हे खरंच आहे ना?" नवऱ्याने बायकोची बाजू कधी घ्यायची हे कळायला किती वर्षं लागतात कोण जाणे.

पुढच्या शनिवारी चहाच्या वेळी व्लास्तिमिल आपण होऊन माझ्याशेजारी येऊन बसला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं, त्यामुळे तो फार सरळ बोलतो. त्याचं गाव चेकच्या पूर्वेला, मोरावियाच्या डोंगरात. तिथे गवत कापताना बायका एका उतारावरून दुसऱ्या उतारावरच्या बायकांना गाण्यात हाका मारायच्या. त्याची आजी त्यातली. विशीत असताना त्याने आजीचं एक गाणं घेतलं, ओढलेले सूर सरळ केले, लांबलेल्या जागा कापल्या, खाली व्हायोलिनं घातली. त्याला बक्षीस मिळालं. त्याने ते आजीला ऐकवलं. आजीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. कोणाचं आहे?"

"त्यानंतर मी पाच वर्षं काही लिहिलं नाही," तो म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवून खाल्लं. मला वाईट वाटलं, पण ते मी दाखवलं नाही. फक्त म्हणाले, "बरं. आईकडून मूळचं घेते."

हे बोलायला सोपं होतं. इथे साधा व्हिडिओ कॉल लागत नाही, वेगळं अॅप लागतं, ते आईच्या फोनमध्ये दर महिन्याला बिघडतं, वहिनी ते दुरुस्त करून देते आणि मग स्क्रीनवर आईचं अर्धं कपाळ दिसतं. त्या कपाळाशी मी तीन रविवार भांडले.

पहिल्या रविवारी म्हणाले, "आई, उंबराच्या पाण्याचं गाणं म्हण ना, मला रेकॉर्ड करायचंय."

"लग्न कोणाचं आहे?" कपाळ म्हणालं.

म्हणजे इकडे तो आणि तिकडे ही, दोघांचा प्रश्न एकच! मी सांगितलं की लग्न नाही, एक संगीतकार आहे, मोठा माणूस आहे. आई म्हणाली, "मोठा असू दे. त्याला नवरी कर, मग म्हणते." दुसऱ्या रविवारी मी सुचवलं की कोणाचंही नाव घाल, शेजारच्या पोरीचं घाल. "खोट्या लग्नाचं पाणी आणू? देव बघतोय वरून." मी वहिनीला विचारलं की गावात एखादं खरं लग्न आहे का, तिने तिथे जाऊन रेकॉर्ड केलं असतं. वहिनी म्हणाली, "ताई, उपवासकाळ चालू आहे. ईस्टरपर्यंत लग्नं कुठली?" इतकी वर्षं परदेशात राहून मी उपवासकाळ विसरले, हेही आईने पाठीमागून ऐकलं आणि त्यावर पाच मिनिटं बोलली.

तिसऱ्या रविवारी माझा तोल सुटला. मी म्हणाले, "तुझं एक गाणं मागितलं तर इतके नखरे! तुझ्यानंतर कोण म्हणणार आहे ते? सांतानमावशी? ती तुझ्याहून म्हातारी! कोणाला द्यायचं नाही, तर घेऊन जा वर!"

बोलून गेले आणि जीभ चावली. कपाळ हललं, आणि पहिल्यांदाच पूर्ण चेहरा दिसला. आई रागाने लाल झाली होती. "एकोणीस वर्षं तोंडात धरून बसलेय मी ते गाणं. तू आलीस का घ्यायला? कळशी घासून ठेवली होती, तर म्हणे खलास." आणि फोन बंद.

मी शनिवारी व्लास्तिमिलला सांगून टाकलं की गाणं मिळणार नाही, आई हट्टी आहे, विषय संपला. तो वही मिटायला लागला. मग म्हणाला, "तुमच्या लग्नात ते म्हटलं होतं?"

मी सांगितलं. चार दिवसांचा फोन, चाळीस मिनिटांचं लग्न, उपसलेली विहीर, माळ्यावरची कळशी, आणि ते वाक्य, तुझं पाणी राहिलं. हे मी आजवर कोणाला सलग सांगितलं नव्हतं. सांगताना मध्येच माझा आवाज फाटला आणि आल्टोवाल्या बायका शालींमधून बघायला लागल्या. त्याने या वेळी काहीच टिपलं नाही. नुसता म्हणाला, "मग नवरी आहे की."

माझा चेहरा कसा झाला असेल तो असो. एकोणीस वर्षं मी जो टोमणा समजून कान बंद करत होते, ते आमंत्रण होतं. आई दर दोन-चार महिन्यांनी मला सांगत होती की अजून वेळ गेलेली नाही. इतकी साधी गोष्ट कळायला मोरावियाच्या डोंगरातून माणूस यावा लागला. मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात दुसऱ्या कोणाचा आला नव्हता.

मी रविवारची वाट न बघता घरी येऊन लगेच फोन लावला. म्हणाले, "आई, माझं पाणी राहिलंय. माझ्यासाठी म्हण."

आता ती रडेल असं वाटलं. पण नाही, ती माझीच आई. म्हणाली, "पुढच्या शनिवारी सकाळी दहाला लाव. बाकीचे दिवस सांतानचे दवाखान्यात जातात. डोक्यावर पाणी घालायला कोणी आहे का तिथे?"

"जेनिस आहे."

"पाणी कुठलं?"

"नळाचं. इथे समुद्राचं गोडं करतात."

"समुद्राचं?" तिने सुस्कारा सोडला. "बरं. विहीर नाही तिथे, काय करणार. आणि त्या गोऱ्याला सांग, मध्ये बोलायचं नाही."

शनिवारी दहा वाजता आमच्या बाथरूममध्ये मी जुना गाऊन घालून प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते, वय वर्षं सेहेचाळीस. बाहेर हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर फोन, शेजारी व्लास्तिमिलचा रेकॉर्डर, आणि व्लास्तिमिल नि अँथनी तोंडाला कुलूप लावून बसलेले. दार किलकिलं. जेनिस बादली आणि प्लास्टिकचा मग घेऊन उभी, "मम्मा, धिस इज सो वीअर्ड," असं तिसऱ्यांदा म्हणत. फोनच्या पलीकडे विहिरीच्या वरच्या पायरीवर आई आणि सांतानमावशी बसलेल्या, वहिनीने फोन धरलेला.

आईने सुरू केलं.

उंबराखाली विहीर गो, विहिरीला बारा पायऱ्या,
पहिल्या पायरीवर उभी कोण गो, उभी कोण?

आणि चाल थांबली. त्याने दाखवली होती त्याच जागी, पण इतकी लांब की मला वाटलं लाइन कटली. मग दोघींनी मिळून माझं नाव घेतलं. फिलोमिना उभी, जाकूची लेक. माझ्या वडिलांना गावात सगळे जाकू म्हणत. त्यांचं नाव त्या घरात पाण्याबरोबर माझ्या डोक्यावर पडलं आणि मी स्टुलावर बसून हुंदके देऊन रडले. दुसऱ्या पायरीवर आत्या, तिसरीवर थोरली मावशी. दोघी कधीच गेल्या, पण गाण्यात उभ्या होत्या. सहाव्या पायरीवर पाण्याला हात लावणारी, आईने तिथे नाव घातलं, जेनिस उभी, फिलूची लेक. पाण्याचा मग हवेत तसाच धरून लेक ओरडली, "वेट, दॅट्स मी! शी सेड माय नेम!" आणि आम्ही तिघी, चौघी, किती जणी होतो कोण जाणे, हसायला लागलो.

सहा कडवी झाल्यावर आई थांबली. अँथनीने दारातून खूण केली, व्लास्तिमिल हातवारे करतोय, बाकीची सहा कुठे? मी विचारलं.

"ती चढतानाची," आई म्हणाली. "उतरतानाची बसून म्हणता येतात. चढतानाची भरली कळशी घेतल्याशिवाय होत नाहीत. माझे गुडघे कुठे आहेत आता?" आणि फोन बंद केला.

व्लास्तिमिलने सहा कडव्यांवर रचना केली. ती लांबलेली जागा तशीच ठेवली, सूर सरळ केले नाहीत, खाली पुरुषांचे आवाज नुसते पायऱ्या उतरल्यासारखे एकेक उतरत नेले. तालमीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पण नावं! आयरिश बाई, दोन स्कॉटिश, लेबनीज, केरळी, सगळे मिळून माझ्या बापाला हाक मारणार, आणि जाकू या दोन अक्षरांच्या माणसाची त्यांनी अकरा देशांची अकरा माणसं केली. मी दर शनिवारी उच्चार शिकवून थकले. तरी मनातून सुखावले होते, खोटं कशाला बोलू. तालमीचं रेकॉर्डिंग आईला पाठवलं. वाटलं, आता तरी कौतुक करेल.

तिने ऐकलं आणि म्हणाली, "आवाज चांगले आहेत. पण तुझंच नाव परत का?"

"गाण्यात आहे ना ते."

"तुझं झालं. पाणी एकदाच घालतात. परत परत तुझंच काय? नवऱ्या संपल्या का तिथल्या?"

मी कपाळावर हात मारून घेतला. हे व्लास्तिमिलला सांगायचं कसं? गाणाऱ्यांच्या प्रती छापून झालेल्या, कार्यक्रम पंधरा दिवसांवर. सांगितलं, तर इतके दिवस शांत असलेला तो माणूस पहिल्यांदा भडकला. चेक भाषेत काहीतरी बोलला, पेन्सिलीचा दोरा तुटला. कंडक्टरबाई म्हणाल्या, "आपण नावाच्या जागी नुसतं 'ब्राइड' घालू या का? इट्स मोअर युनिव्हर्सल." तेव्हा आम्ही दोघं एकदम ओरडलो, "नाही!" आणि एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी तो खाली बसला. "माझी आजीही हेच म्हणाली असती," असं पुटपुटत त्याने आपल्या स्वरलिपीच्या प्रतीतलं माझं नाव स्वतःच्या हाताने खोडलं आणि तिथे एक रिकामी जागा ठेवली. म्हणाला, दर वेळी ज्या नवरीचं राहिलं असेल तिचं नाव इथे यायचं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "कोणाचं राहिलंय?"

मग सोप्रानोतल्या मारितेसने हात वर केला. ती एका क्लिनिकमध्ये नर्स, फिलिपिन्सची, बारा वर्षांपूर्वी तिनेही माझ्यासारखंच इथे घाईत लग्न उरकलं, आईशिवाय. तिची आई आता नाही. तिच्या वडिलांचं नाव, आत्यांची नावं आम्ही लिहून घेतली, आणि या वेळी उच्चार शिकायची पाळी माझ्यावर आली. कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी मारितेस माझ्याकडे आली, त्याच स्टुलावर बसली, आणि मी तिच्या डोक्यावर समुद्राचं पाणी घातलं. ती रडली, मी रडले, जेनिस टॉवेल घेऊन उभी होती आणि वीअर्ड म्हणाली नाही.

कार्यक्रमात ती लांबलेली जागा आली तेव्हा मी समोर बघितलं. व्लास्तिमिल पहिल्या रांगेत डोळे मिटून बसला होता. मारितेसचं नाव आलं, तिच्या बापाचं आलं, आणि मी आल्टोत, बाकीच्या बायकांबरोबर, दुसरीचं पाणी आणायला उतरत होते. लग्नाच्या एकोणीस वर्षांनी नवरी झालेली मी आता आणणाऱ्या बायकांत गेले होते. आईच्या आळीत यालाच बाई होणं म्हणतात, आणि ते मला अबू धाबीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, एसीच्या गारठ्यात घडलं.

तेव्हा तुम्ही दोन्हीकडचे मला घर कुठे म्हणून विचारू नका. मला धड सांगता येत नाही. सहा पायऱ्या इकडे उतरून झाल्या आहेत, एवढंच सांगते.

कार्यक्रमानंतरच्या रविवारी आईने विचारलं, "त्या पोरीचं पाणी कोणी घातलं?"

"मी."

"बरं केलंस. अजून किती जणींचं राहिलंय तिथे?"

"चौघी म्हणतायत."

"मग अर्ध्या गाण्यावर किती दिवस भागवणार? चौघींना विहिरीत उतरवून ठेवशील काय? मे महिन्यात ये. कळशी घेऊन तू चढ, मी वर बसून म्हणते. फोनवर ते व्हायचं नाही."

मी रजेचा अर्ज टाकला. जेनिसने स्वतःहून विचारलं, "कॅन आय कम?" दोघींचं तिकीट काढलं, आणि आईला न विचारता गाण्याच्या ठरलेल्या दिवसाच्या आठ दिवस आधीचं काढलं. विहीर उपसायची आहे.